साठ तासांची समाजसेवा: गावाला नेमके काय हवे असते?

अनेरकाठ
सर्वांना नमस्कार. चोपडा तालुक्यातील एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो आणि यंदापासून राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. रासेयोची रचना अनेकांना ठाऊक असेल. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास नियमित काम करायचे आणि दत्तक गावातील सात दिवसांच्या विशेष शिबिरात एकदा तरी राहायचे. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या आराखड्यातच समुदाय-सहभागाला श्रेयांक आले आहेत. दोन श्रेयांक म्हणजे साठ तास. रासेयोत आजवर स्वतःहून नाव देणारी मुले येत असत. यापुढे ज्यांना गावात जाण्याची मुळीच हौस नाही, अशी मुलेही माझ्या यादीत असतील.

प्रभातफेरी, ग्रामस्वच्छता, पथनाट्य, बौद्धिक सत्रे आणि एखादा वनराई बंधारा हा आपल्याकडील शिबिराचा ठरलेला साचा आहे. यातील गावाला खरोखर किती हवे असते? ज्यांच्या गावात अशी शिबिरे झाली आहेत आणि जे विद्यार्थी म्हणून अशा शिबिरांत राहिले आहेत, त्या दोघांचेही अनुभव वाचायला आवडतील. गुणांसाठी केलेल्या सेवेला सेवा म्हणावे का, हा उपप्रश्नही चर्चेला घ्यावा, अशी विनंती.

बट्टीप्रेमी
समारोपाच्या दिवशी जोवर वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी मिळते आहे, तोवर वेगळ्या गुणांची आवश्यकता भासू नये, असे माझे नम्र मत आहे.

गिरणामाई
भडगाव तालुक्यातील आमच्या गावात शिबिरे झाली आहेत, म्हणून गावकऱ्याच्या बाजूने लिहितो. मुले कष्टाळू असतात आणि गावातील वृद्धांना त्यांच्याशी बोलायला आवडते, हे आधी नमूद करतो. अडचण वेळेची आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती आणि वाळू भरून वाहत्या नाल्यात रचलेला एका हंगामापुरता बांध, म्हणजे वनराई बंधारा. तो पाऊस सरता सरता, नाल्याला धार असताना घालायचा असतो. तरच अडलेले पाणी रब्बीच्या एखाद्या पाळीला किंवा निदान गुरांना उपयोगी पडते. शिबिर मात्र परीक्षा आटोपल्यावर, डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीत येते, आणि तोवर आमचा नाला कोरडाठाक पडलेला असतो. एका वर्षी मुलांनी मन लावून गोण्या भरल्या, बांध ओळंब्यात घातला आणि पाहुण्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटनही झाले. पारावरचे एक आजोबा एवढेच म्हणाले, "पोऱ्हेसहो, नालाले पानी व्हतं तव्हय कोठे व्हतात?" पुढच्या पावसाळ्यात पहिल्याच पुरात गोण्या निघून गेल्या.

सर, काय करावे हे ठरवण्यापूर्वी ते केव्हा करावे, याचा निर्णय गावाकडे सोपवावा.

शिबिरार्थी_७_दिवस
बंधारा चार फुटांचा आणि बॅनर बारा फुटांचा असेल, तर पाणी बॅनरने अडवावे, असा ठराव मी आमच्या वेळच्या गटचर्चेत मांडला होता. तो फेटाळण्यात आला.

बझाडा
मी यावल तालुक्यात भूगोल शिकवतो. गिरणामाई यांचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे आणि त्यालाच धरून आमच्याकडील एक उपक्रम थोडा विस्ताराने सांगतो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे अनेरकाठ सरांच्या प्रश्नाचे काही उत्तर त्यात आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, वाळू आणि माती यांच्या मिश्रणाचा जो पट्टा आहे, त्याला बझाडा म्हणतात. या थरातून पाणी झपाट्याने मुरते आणि त्याच्याच भरवशावर यावल-रावेरची केळी उभी राहिली. उपसा वाढत गेला, पाण्याची पातळी खाली गेली, उघड्या विहिरींच्या जागी कूपनलिका आल्या आणि त्याही दर काही वर्षांनी अधिक खोल न्याव्या लागल्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी ठरावीक महिन्यांत मोजते. परंतु प्रत्येक गावातील, प्रत्येक शिवारातील विहिरीचे वर्षभराचे चित्र कोणापाशीच नसते. आमचे विद्यार्थी याच गावांतून येतात. तेव्हा ज्यांच्या शेतात किंवा शेजारी अजून पाणी असलेली उघडी विहीर आहे, त्यांनी महिन्यातून एकदा तिची पातळी मोजून वहीत नोंदवावी, असे ठरले.

काम सोपे वाटते, पण त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. टेपला वजन बांधून सोडायचा, कठड्याची उंची वजा करायची आणि पंप बंद होऊन काही तास झाल्यावरच मोजायचे, एवढे नियम आहेत. कृषिपंपांची वीज एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री येत असल्याने मोजण्याची वेळ विजेच्या पाळीप्रमाणे बदलावी लागते. ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ती एका द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याने वर्गात सांगितली. मे महिन्यातील आणि पावसाळ्यानंतरची पातळी शेजारी शेजारी मांडली की कोणत्या नाल्याकाठच्या विहिरी लवकर भरतात, हे शेतकऱ्यालाही दिसते. ते आलेख आम्ही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावले. वाद झाले. एका भाऊंनी मुलाची मोजणीच चुकली म्हणून स्वतः टेप आणला आणि पुढच्या महिन्यापासून तेच नोंद ठेवू लागले.

गुणांविषयी: मी गुण देतो, आणि ते वहीला देतो. बारा महिन्यांच्या नोंदी पूर्ण असाव्यात, नाहीतर का नाहीत याचे कारण लिहिलेले असावे. मुलाच्या मनात सेवाभाव किती होता, हे मोजण्याचा टेप माझ्यापाशी नाही.

धडगावची_लेक
बझाडा सर, आपला उपक्रम आवडला. मी अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावरची असून सध्या नंदुरबारला पदव्युत्तर शिक्षण घेते. आमच्याकडील परिस्थिती केळीपट्ट्याहून फार वेगळी आहे, म्हणून थोडे लिहिते.

दिवाळीनंतर आमच्या पाड्यांतील बरीच कुटुंबे ऊसतोडीला गुजरातमध्ये आणि इतरत्र जातात. मुले, म्हाताऱ्या आणि गुरे राखायला राहिलेली माणसे एवढीच घरी उरतात. शिबिरे नेमकी त्याच काळात येतात. मग सर्वेक्षणाचा तक्ता घेऊन विद्यार्थी दारात उभा राहतो आणि माझी आजी पावरीतून उत्तर देते, ते त्याला कळत नाही. तक्त्यात मात्र 'कुटुंबप्रमुख: शेती' असे लिहिले जाते, आणि तो कुटुंबप्रमुख त्या क्षणी बारडोलीच्या बाजूला कोयता चालवत असतो. वेगवेगळ्या संस्थांचे असे तक्ते आमच्या दारी येऊन गेले आहेत. शौचालय आहे का, पाणी कोठून आणता, मुले शाळेत जातात का, हे प्रश्न तेच. ही माहिती पुढे कोठे गेली, हे पाड्यावर परत येऊन कोणीही सांगितले नाही.

मी स्वतः महाविद्यालयात असताना आमचे दत्तक गाव शेजारचेच होते. वर्गातील शहरी मैत्रिणी 'लाभार्थी' हा शब्द सहज वापरायच्या आणि त्या लाभार्थ्यांत माझी मावशी होती. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण आमच्या भागातील महाविद्यालयांत निम्मीअधिक मुले अशाच पाड्यांवरची असतात. त्यांनाच वाटाड्या आणि दुभाषी न समजता कामाची आखणी करू द्यावी, एवढे माझे म्हणणे आहे. ऊसतोडीला गेलेली माणसे होळीच्या सुमारास परततात. तेव्हाच सगळा पाडा एकत्र भेटतो.

प्रवासी_पुणे_शिरपूर
चर्चा उत्तम चालली आहे. सक्तीच्या मुद्द्यावर थोडा इतिहास सांगतो, कारण हा वाद नवीन नाही. १९५० च्या आसपास विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांची समाजसेवा ऐच्छिक असावी, असे सुचवले होते. पुढे १९५९ मध्ये डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमण्यात आली आणि तिने नेमके उलट सुचवले: महाविद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी. त्याचा खर्च आणि व्यवस्था पाहून सरकार बिचकले. त्यानंतर प्रा. के. जी. सय्यदैन यांनी इतर देशांतील योजनांचा अभ्यास करून ही सेवा ऐच्छिकच ठेवावी, असा अहवाल दिला. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा अंतर्भाव सुचवला. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन रासेयो सुरू झाली, तीही ऐच्छिक म्हणून. आज आपण श्रेयांकांच्या मार्गाने देशमुखांच्या सूचनेकडे अर्धे परतलो आहोत.

व्यक्तिशः मला हे परतणे रुचत नाही. आमच्या काळी शिबिराला येणारा विद्यार्थी स्वतःच्या इच्छेने येत असे आणि त्यामुळे तो खोदकाम टाळत नसे. खानदेशाला स्वयंसेवेची परंपरा शिकवण्याची गरज नाही. १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, तेव्हा राबलेल्या हातांना कोणी श्रेयांक दिले नव्हते. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांचे कपडे धूत असत, त्याचेही गुण कोठे नोंदलेले नाहीत.

शिबिरार्थी_७_दिवस
समारोपाच्या भाषणात साने गुरुजी येतात, तसे ते या धाग्यातही येणार, याची खात्री होती. विसाव्या प्रतिसादाच्या आत आले.

बोदवडचा_मोबाइलवाला
प्रवासी दादा, आपल्याविषयी आदर राखून लिहितो. स्वतःच्या इच्छेने येणारे विद्यार्थी कोण होते, हेही पाहायला हवे. मी सकाळी महाविद्यालयात जातो आणि दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो. माझ्या वर्गातील काही मुली दिवाळीपर्यंत कापूस वेचायला जातात, कारण वेचणीचे पैसे किलोवर रोखीने मिळतात आणि त्यातून परीक्षा शुल्क भरले जाते. सात दिवस दुसऱ्या गावी जाऊन राहण्याची इच्छा आम्हालाही असते, परंतु तेवढी मजुरी बुडवणे जमत नाही. ऐच्छिक असताना आम्ही बाहेर राहिलो आणि आता सक्तीचे झाल्यावर साठ तास कोठून काढावेत, या चिंतेत आहोत.

माझी सूचना एवढीच आहे की दत्तक गावाची अट शिथिल करावी. माझ्या गल्लीतील वृद्धांना मोबाइलवर निवृत्तिवेतन जमा झाल्याचा संदेश वाचता येत नाही. ते मी दुकानात रोजच पाहून देतो. हे काम नोंदवून घेतले, तर साठ तास सहज भरतील.

अनेरकाठ
मोबाइलवाला भाऊ, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, असे म्हणणे खोटे ठरेल. लक्षात आला होता, पण हजेरी कशी लावावी हे सुचत नव्हते. यावर कोणी मार्ग काढला असल्यास सांगावे.

निवृत्त_ग्रामसेवक
हजेरीचा मार्ग सोपा आहे. बझाडा सरांप्रमाणे वही ठेवावी आणि ज्याचे काम झाले त्याची सही घ्यावी. सह्या खोट्याही होतील. पण आमच्या खात्यातील हजेरीपटांपेक्षा अधिक खोट्या होणार नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझी नोकरी धरणगाव, एरंडोल आणि पारोळा या तालुक्यांत झाली. शिबिराची विनंती आली की आम्ही मुलांना दोनच कामे देत असू: गटारे साफ करणे आणि शोषखड्डे खणणे. शोषखड्ड्यांविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. आपल्याकडे नदीकाठच्या बहुतेक शिवारांत खोल काळी माती असते. ती पाणी धरून ठेवते, लवकर सोडत नाही. माती न पाहता ठरलेल्या मापाचा खड्डा खणून त्यात दगड-विटांचे तुकडे भरले, तर तो काही दिवसांत तुंबतो, दारात डबके होते आणि डास वाढतात. खड्डा मुरमापर्यंत न्यावा लागतो किंवा जागा बदलावी लागते. शिवाय सांडपाण्यातील राख, केस आणि साबणाचा चिकटा अडवण्यासाठी आधी नहाणी ट्रॅप बसवावा लागतो आणि तो नियमित साफ करावा लागतो. शिबिर सात दिवसांत निघून जाते. ट्रॅप साफ करण्याची आठवण गृहिणीला करून द्यायला दर महिन्याला दोन मुले आली, तर तो शोषखड्डा वर्षानुवर्षे चालतो. नवीन वीस खड्डे खणण्यापेक्षा जुने पाच चालू ठेवणे हे मोठे काम आहे. मात्र त्याचे छायाचित्र चांगले येत नाही.

गावाला आज सर्वांत जास्त कशाची गरज आहे, असे विचाराल, तर कागदपत्रांची. शिधापत्रिकेची ई-केवायसी, आधार आणि बँक खाते यांची जोडणी, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि ई-पीक पाहणी. यातील ई-पीक पाहणी तर महाविद्यालयीन मुलांसाठीच निर्माण झाल्यासारखी आहे. २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या गटात उभे राहून पिकाची नोंद करायची असते. ही नोंद सातबाऱ्यावर नसली की विम्याला, कर्जाला आणि हमीभावाच्या खरेदीला अडचण येते. वयस्कर शेतकऱ्याला ते ॲप उघडत नाही आणि त्याचा मुलगा सुरतेत किंवा पुण्यात असतो. खरिपात मुले आठ-पंधरा दिवस शिवारात फिरली, तर गाव त्यांना वर्षभर विसरणार नाही.

खातेपुस्तक
आप्पा, आपल्या अनुभवापुढे मी लहान आहे, तरी बँकेत काम करत असल्याने एक इशारा देणे आवश्यक वाटते. कागदपत्रांच्या मदतीत ओटीपी येतो, आधार क्रमांक येतो आणि खाते क्रमांक येतो. एखादा विद्यार्थी सोयीसाठी वीस जणांच्या आधार कार्डांची छायाचित्रे स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवतो आणि पुढे तो मोबाइल विकतो. पुढे काय होऊ शकते, हे सांगायला नको. आज गावोगावी फसवणुकीचे प्रकार घडत आहेत आणि संशय सर्वप्रथम घरी येऊन गेलेल्या अनोळखी मुलावर येतो. म्हणून माझा या कामाला विरोध आहे.

निवृत्त_ग्रामसेवक
खातेपुस्तक भाऊ, इशारा योग्य आहे, निष्कर्ष योग्य नाही. विद्यार्थी मदत करणार नसतील, तर तोच शेतकरी तालुक्याला एखाद्या सेवा केंद्रात जातो, दिवसाची मजुरी बुडवतो आणि तेथेही ओटीपी दुसऱ्यालाच सांगतो. नियम घालून द्यावेत: काम शेतकऱ्याच्याच मोबाइलवर करावे, बोट त्याचे असावे, विद्यार्थ्याने फक्त शेजारी उभे राहून सांगावे. कोणत्याही कागदाचे छायाचित्र स्वतःजवळ ठेवू नये. पैशांच्या व्यवहाराला हात लावू नये.

खातेपुस्तक
'बोट त्याचे असावे' ही अट लेखी असेल, तर माझा विरोध मागे घेतो. ई-पीक पाहणीत पैशांचा व्यवहार नाही, हेही मान्य.

पांढरं_सोनं
मी पारोळा तालुक्यातील असून गेल्या वर्षी पदवीधर झाले. प्रवासी काकांनी गुणांविरुद्ध लिहिले आहे, त्यावर मुलींच्या बाजूने लिहिते. आमच्या घरी मुलीने सात रात्री परगावी राहण्याचा प्रश्नच नव्हता. 'याला गुण आहेत आणि गेले नाही तर निकाल अडेल' असे सांगितल्यावरच वडिलांनी परवानगी दिली, तीही शिबिराची जागा स्वतः पाहून, मुली कोठे झोपणार आणि स्वच्छतागृहाला कडी आहे का, हे तपासून. ऐच्छिक असते, तर मी गेलेच नसते. माझ्यासारख्या अनेक जणींना सक्तीनेच दार उघडून दिले आहे.

गावातील कामाविषयीही सांगते. आमच्या शिबिरात दिवसा मुलगे चर खोदत होते आणि आम्हाला घरोघरी आरोग्याची माहिती द्यायला पाठवले होते. पहिल्या दिवशी बायका दारातूनच "सर्व ठीक आहे" म्हणाल्या. मग आमच्यापैकी दोघी जणी एका काकूंबरोबर कापूस वेचायला गेल्या. वेचता वेचता ज्या गोष्टी निघाल्या, त्या कोणत्याही प्रश्नावलीत नव्हत्या: चक्कर येणे, लोहाच्या गोळ्या मळमळते म्हणून न घेणे, पाळीच्या दिवसांत शेतात आडोसा नसणे. त्यानंतर आशाताईंना बोलावून हिमोग्लोबिन तपासणी ठेवली, तेव्हा त्याच बायका आल्या. शिबिराच्या वेळापत्रकात 'कापूस वेचणी' असे सत्र नव्हते, म्हणून ते तास आमच्या दैनंदिनीत 'ग्रामसंपर्क' या सदरात दाखवावे लागले.

धडगावची_लेक
ताई, फार चांगले लिहिले आहे. आरोग्य तपासणीचा विषय निघाला आहे, म्हणून एक काळजी मांडते. आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा प्रश्न मोठा आहे. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यानंतर तपासण्यांना वेग आला आणि विद्यार्थी लोकांना तपासणीसाठी आणायला मदत करतात. ही मदत मोलाची आहे. पण कोण वाहक निघाले, याची यादी विद्यार्थ्यांच्या हाती जाऊ देऊ नये. वाहक व्यक्ती स्वतः आजारी नसते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्यात आजार उतरण्याची शक्यता चारात एक असते. एवढे समजावून सांगण्याआधीच नाव बाहेर पडले, तर मुलीचे लग्न अडते. मुलाचे सहसा अडत नाही.

पांझरेचं_पाणी
उशिरा लिहितो आहे. संपूर्ण धागा वाचताना एक गोष्ट खटकली: येथे सर्वांनी गावाला गरजू धरले आहे. मी साक्री तालुक्यातील आहे. आमच्याकडे पांझरेवर फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालील जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पुढच्या वर्षी फेरपालट करायची, पाटकऱ्याने पाणी द्यायचे, जागल्याने राखण करायची, आणि या सर्वांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा. ही व्यवस्था शेकडो वर्षे गावाने स्वतः चालवली. आता काही ठिकाणी ती मोडकळीला आली आहे. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला सहकार शिकायचा असेल, तर त्याने फडात यावे आणि पाटकऱ्याच्या मागे फिरावे.

आमच्याच तालुक्यातील बारीपाडा घ्या. चैत्राम पवार आणि गावकरी यांनी स्वतःचे नियम करून उजाड जंगल पुन्हा उभे केले. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. तेथील वनभाज्यांच्या स्पर्धेत बायका ज्या भाज्या मांडतात, त्यांतील कित्येक वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला ओळखता येत नाहीत. तेथे गेलेल्या विद्यार्थ्याने जनजागृतीचे पथनाट्य करणे म्हणजे आजीला जेवण वाढायला शिकवणे होय. अशा गावांत विद्यार्थ्याने लिहून घेणारा म्हणून जावे. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी; अनेक ठिकाणी ती घाईने भरलेली आहे. ती नीट भरायला मदत करणे हे साठ तासांत मावणार नाही एवढे काम आहे.

प्रवासी_पुणे_शिरपूर
'पांढरं सोनं' यांचा प्रतिसाद वाचून सक्तीविषयीचे माझे मत थोडे हलले आहे. मुली आणि काम करणारी मुले ऐच्छिक योजनेत बाहेर राहिली, हे वास्तव आमच्या आठवणींत नसते. तरीही गुणांनी बनावट अहवाल वाढतील, ही भीती कायम आहे. पांझरेचं पाणी यांच्याशी मात्र थोडा मतभेद आहे. बारीपाडा हे असामान्य गाव आहे. शंभरातील पंचाण्णव गावांत नियम करणारे नेतृत्व नाही आणि तेथे हातांची गरज आहेच.

पांझरेचं_पाणी
हात हवेतच. ते कोठे लावायचे, हे विचारून लावावेत, एवढेच.

बट्टीप्रेमी
गंभीर प्रश्न विचारतो. खरिपात मुले शिवारात, दर महिन्याला विहिरीवर आणि होळीला पाड्यावर असतील, तर त्यांचे वर्ग कोण घेणार आणि ते कोणाला शिकवणार?

बझाडा
विहिरीची नोंद रविवारी होते. ई-पीक पाहणीही सुट्टीच्या दिवशी जमेल. होळीचा प्रश्न खरा आहे, कारण त्याच सुमारास परीक्षांचे वेळापत्रक लागते.

अनेरकाठ
सर्वांचे मनापासून आभार. कच्चा आराखडा मांडतो, त्यातील दोष दाखवावेत.

सात दिवसांचे शिबिर नियमानुसार सलग घ्यावेच लागेल आणि ते आमच्या वेळापत्रकात हिवाळ्यातच बसते. त्यामुळे त्यात नवे बांधकाम घेणार नाही. जुन्या शोषखड्ड्यांची तपासणी व दुरुस्ती आणि मुलींच्या पुढाकाराने बायकांशी संवाद, तोही त्यांच्या कामाच्या जागी, एवढेच ठेवणार आहे. 'कापूस वेचणी' हे सत्र वेळापत्रकात त्याच नावाने छापण्याची माझी तयारी आहे. वनराई बंधारे पाऊस ओसरताच एखाद्या रविवारी, नाल्याला धार असताना घालू. ज्यांना परगावी जाणे शक्य नाही, त्यांनी स्वतःच्या गावात किंवा गल्लीत ई-पीक पाहणी आणि मोबाइलची मदत करावी, वही ठेवावी आणि आप्पांनी सांगितलेले नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्यावर सही करावी. गुण वहीचे असतील.

आमचे दत्तक गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे आणि त्याला जोडून पावरा वस्तीचे दोन पाडे आहेत. तेथील सर्वेक्षण या वर्षी करणारच नाही. आधीच्या शिबिरांत भरलेले तक्ते महाविद्यालयाच्या कपाटात आहेत. ते काढून, त्यांतून काय दिसते, हे प्रथम गावाला सांगावे, असे वाटते. माझ्या वर्गात त्या पाड्यांवरचे विद्यार्थी आहेत. तक्ते वाचून काय सांगायचे, हे तेच ठरवतील.

धडगावची_लेक
सर, हे वाचून बरे वाटले. दोन सूचना करते. कपाटातील तक्त्यांत लोकांची नावे असतील, तर ती वाचून दाखवू नयेत. एकूण चित्रच सांगावे. आणि पाड्यावर जाण्यासाठी होळीच्या आधीच्या आठवड्यातील भोंगऱ्या बाजाराचे दिवस टाळावेत, कारण तेव्हा सगळे बाजाराला जातात आणि त्या दिवशी कोणीही आपले म्हणणे ऐकून घेणार नाही. होळीनंतर, माणसे पुन्हा बाहेर पडण्याआधी, एखादा दुपारचा वेळ ठरवावा. बोलणे पावरीतून व्हावे.

खातेपुस्तक
नियमांच्या पानावर 'कोणाच्याही कागदपत्राचे छायाचित्र व्हॉट्सॲप गटावर टाकणार नाही' हे वाक्य वेगळे लिहावे. अहवालासाठी छायाचित्रे मागवली की मुले सर्वप्रथम तेच टाकतात.

निवृत्त_ग्रामसेवक
आराखडा योग्य आहे. मुख्य गावातील माहिती २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडता येईल. त्यासाठी सरपंचांच्या नावे अर्ज सभेची सूचना निघण्याआधी द्यावा, म्हणजे विषय कार्यसूचीवर येतो. ऐनवेळच्या विषयांत टाकला, तर तोपर्यंत लोक उठून गेलेले असतात. मांडणी करणारा विद्यार्थी त्याच गावचा असावा आणि त्याला दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ मागू नये. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.